त्याने शाळेजवळ उभंच राहू नये, असा कोर्टाचा आदेश मिळतो का? (मामेबहिणीसाठी विचारतेय)

चिंचगूळ (धागाकर्ती):
खरंच मामेबहिणीसाठी विचारतेय, "एका मैत्रिणीला" वगैरे नाही.

ती ३१ वर्षांची आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, चार वर्षांची मुलगी आहे. सासर पिंपरी-चिंचवडला, माहेर नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी. मारहाण पहिल्या वर्षापासून होती. आम्हाला कळलं तिसऱ्या वर्षी. त्यानंतर दोनदा चार माणसं बसवून, समजूत घालून तिला परत पाठवलं. त्या दोन्ही बैठकांना मी होते, चहा मीच केला होता. दिवाळीनंतर मात्र ती मुलीला घेऊन कायमची निघून आली. आता एका खाजगी शाळेत शिकवते.

नवरा दर आठ-पंधरा दिवसांनी येतो. शाळा सुटायच्या वेळेला गेटसमोर गाडी लावून उभा राहतो. अंगाला हात नाही, शिवी नाही, नुसता उभा. रात्री नवनवीन नंबरवरून मेसेज येतात. मामाच्या दारात एकदा गोंधळ घातला तेव्हा पोलिसांत गेलो. त्यांनी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली आणि "नवरा-बायकोचं आहे, घरात मिटवा" म्हणाले. मुख्याध्यापिका म्हणतात, घरचं शाळेत आणू नका.

घटस्फोटाचं तिचं ठरलेलं नाही. ४९८अ (सासरच्या छळाची फौजदारी तक्रार, आता न्याय संहितेचं कलम ८५) नको म्हणते. त्याने शाळेजवळ आणि घराजवळ फिरकू नये, एवढंच तिला हवंय. मिळतं का असं काही? एका वकिलांनी पन्नास हजार सांगितले, त्यातले तीस आधी. तिचा पगार अकरा हजार आहे.

रानजाई:
मिळतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. घटस्फोट लागत नाही, ४९८अ लागत नाही. सविस्तर 'पायरी' सांगतील, ते वकील आहेत. तोवर बहिणीला सांग, एकही मेसेज डिलीट करू नकोस.

दगडूशेट:
पन्नास हजार? आमच्याकडे एवढ्यात बांधाचा दावा नातवापर्यंत चालतो.

पायरी:
रानजाईंनी मलाच पुढे ढकललंय, तर लिहितो. तालुका कोर्टात एकोणीस वर्षं आहे. डी.व्ही.ची (कौटुंबिक हिंसाचाराची) प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, हे आधीच सांगतो.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायचा, कलम १२ खाली. कुठल्या कोर्टात? ती आज जिथे राहते तिथे. तात्पुरती राहत असली तरी चालतं, हे कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे चिंचवडला खेटे घालायची गरज नाही, सामनेवाला (इथे नवरा) येईल नगर जिल्ह्यात.

आता तुमच्या प्रश्नातली खरी गोम. कलम १८ मध्ये मनाई कशाकशाला करता येते ते दिलंय: हिंसाचार करणं, तिच्या कामाच्या ठिकाणी शिरणं, फोन, पत्र, मेसेज कसल्याही मार्गाने संपर्क करणं, तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणं, दोघांच्या नावची खाती किंवा लॉकर परस्पर हाताळणं. यातला शब्द नीट बघा. कामाच्या ठिकाणी "शिरणं". तुमचा माणूस शिरत नाही, बाहेर उभा राहतो! छापील नमुन्यातला मजकूर तसाच उतरवून अर्ज केला आणि तसाच आदेश आला, तर उद्या तो गेटच्या बाहेर हाताची घडी घालून उभा राहील आणि म्हणेल, मी कुठे आत गेलो? त्याच कलमाच्या शेवटी "आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य" असं एक कलमवजा दार उघडं ठेवलंय. तिथून मागायचं. शाळेचं नाव, रस्ता, गेट कुठल्या बाजूला, सुटायची वेळ, किती मीटरच्या आत थांबू नये, सगळं मागणीत लिहायचं. न्यायाधीश न मागितलेलं सहसा देत नाहीत.

याच अर्जात मुलीसाठी आणि तिच्यासाठी पोटगी (कलम २०), मुलीचा तात्पुरता ताबा (२१), अंगावरचे दागिने आणि सामान परत मिळणं (१९) हे मागता येतं. निकालापर्यंत थांबायचं नसेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा वेगळा अर्ज सोबत द्या. शपथपत्र जोडलं तर त्याला न ऐकता एकतर्फी आदेशही देता येतो. कायद्यात येतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी नोटीस काढतात.

आणि पन्नास हजारांचं म्हणाल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पगार अकरा हजार असो की एक लाख अकरा हजार. फोन करायचा तर १५१००.

चिंचगूळ:
पायरी, "शिरणं" आणि "उभं राहणं" यातला फरक आमच्या डोक्यातही आला नव्हता. फार आभार. पण मोफत वकील म्हणजे कसा असतो हो? मामा म्हणतो, फुकटचा वकील फुकटच जातो.

शेवंती_७९:
मामांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

माझं प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका कोर्टात चाललं. पहिला वकील पैसे देऊन केला होता. वडिलांच्या ओळखीचे, वय झालेले, मोठं नाव. त्यांनी माझ्याकडून वकीलपत्रावर सही घेतली, वीस हजार घेतले आणि दर तारखेला ज्युनिअर पाठवला. दर वेळी वेगळा. एकदा तर त्या मुलाने पुकारा झाल्यावर मलाच विचारलं, "ताई, आपण अर्जदार की सामनेवाले?" माझ्या अर्जात नवऱ्याच्या गावाचं नाव चुकलं होतं, त्यामुळे नोटीस तीनदा परत आली. त्यात चार महिने गेले. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा. माझा अंतरिम आदेश सातव्या महिन्यात झाला.

मग मी विधी सेवेतून वकील मागितला. आधारची झेरॉक्स, एक अर्ज, एक शपथपत्र, बस. जी मुलगी मिळाली तिची सनद जेमतेम तीन वर्षांची. तिने पहिल्या दिवशी मला दोन तास बसवून घेतलं आणि तारखा विचारल्या. मारलं ती तारीख नाही आठवत? मग सण आठवा, कोणाचं लग्न होतं ते आठवा, दवाखान्याचा केसपेपर शोधा. मला तेव्हा रागच आला होता. नागपंचमीला माझा हात मुरगळला होता, हे मला झोक्यावरून आठवलं, कारण त्या वर्षी मी झोक्यावर बसले नाही. तिने तेच अर्जात घातलं. पुढे सामनेवाल्याच्या वकिलाने उलटतपासात खूप घुमवलं, पण त्या झोक्यापाशी येऊन थांबला.

सगळेच पॅनेलवरचे वकील असे नसतात, हेही सांगते. माझ्या नंतर त्याच पॅनेलवर गेलेल्या बाईला मिळालेला वकील "टायपिंगचे द्या, झेरॉक्सचे द्या" करत राहिला. तसं कुणी मागितलं तर द्यायचं नाही. समितीकडे लेखी तक्रार करायची आणि वकील बदलून मागायचा. ती बाई घाबरून देत राहिली.

निमित्त:
शेवंतीताई, झोक्याचं वाचून थांबले जरा.

सरळ_बोलतो:
एक वेगळी बाजू मांडतो, दगड मारू नका. माझ्या चुलतभावाच्या बायकोने हाच अर्ज केला. त्यात भाऊ, आई, वडील, नागपूरला दिलेली बहीण, तिचा नवरा, सगळ्यांची नावं. बहीण लग्नानंतर दोनदा माहेरी आली असेल. तिला तारखेला रात्रभर प्रवास करून यावं लागलं. हे कायदे एकतर्फी आहेत. पोरगा बिचारा आधी आरोपी, मग माणूस.

रानजाई:
आला. वाटच बघत होते.

पायरी:
सरळ_बोलतो, दोन गोष्टी वेगळ्या करू.

कलम १२ चा अर्ज झाला म्हणून कुणाला अटक होत नाही. तो आरोपी नसतो, सामनेवाला असतो. संरक्षण आदेश झाला आणि तो मोडला, तर मात्र कलम ३१ लागतं: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. थोडक्यात, अटकेची किल्ली सामनेवाल्याच्याच खिशात असते.

नावांच्या बाबतीत तुमचं मी मान्य करतो. सासरचं अख्खं रेशनकार्ड अर्जात उतरवायची खोड आमच्याच लोकांची. पक्षकार रागात असते, वकील थांबवत नाही. त्याचा तोटा अर्जदारालाच होतो: प्रत्येकाला नोटीस, प्रत्येकाचा 'से' (लेखी म्हणणं), प्रत्येक 'से'ला एक तारीख. धागाकर्तीच्या बहिणीने फक्त नवऱ्याचं नाव घालावं. सासूने खरंच काही केलं असेल तरच तिचं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "प्रौढ पुरुष" हे शब्द कायद्यातून काढून टाकले, त्यामुळे बाईविरुद्धही अर्ज चालतो. मात्र घरातून बाहेर काढण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही.

सरळ_बोलतो:
तुमचं नावांबद्दलचं पटलं. बाकीवर मत कायम.

दगडूशेट:
धाग्यावर कुणाला काहीतरी पटलं. आज पेढे.

मोगरी_जर्सी:
मी इथे न्यू जर्सीत आहे. दोन्हीकडची प्रक्रिया जवळून पाहिली आहे म्हणून लिहिते. इथे तात्पुरता रिस्ट्रेनिंग ऑर्डर त्याच दिवशी मिळू शकतो. कोर्ट बंद असेल तर पोलिसांमार्फत रात्रीसुद्धा. मग साधारण दहा दिवसांत अंतिम सुनावणी. आणि न्यू जर्सीत अंतिम आदेशाला मुदत नसते, कोर्टाने रद्द करेपर्यंत तो चालतो. बाकी बऱ्याच राज्यांत एक वर्ष, दोन वर्षं अशी मुदत असते.

पण आपल्या मुली कोर्टापर्यंत पोचतच नाहीत. एच-४ वर असतात, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, बँकेत खातं नाही, गाडी येत नाही, आणि तो रोज म्हणतो, पोलीस बोलावलेस तर तुलाच परत पाठवतील. ९११ ला फोन केल्यावर कुणी व्हिसा विचारत नाही, हे मला तीन जणींना पटवून सांगावं लागलंय. इथे मानवी नावाची संस्था आहे, दक्षिण आशियाई बायकांसाठी, १९८५ पासूनची. भाषेची अडचण समजून घेतात. वकील मिळवून देतात, कोर्टात सोबत येतात.

एकीच्या सुनावणीला मी दुभाषी नव्हते, नुसती सोबत गेले होते. न्यायाधीशांनी विचारलं, भीती वाटते का? ती इंग्रजीत म्हणाली, "नो, नो, ही इज गुड मॅन." तिला वाटलं, नवऱ्याबद्दल चारचौघांत वाईट बोलायचं नसतं. दुभाषी मागायचा हक्क असतो, तो मागावा. मराठीत विचारलं असतं तर ती वेगळं बोलली असती.

गोंयकार_पात्रांव:
अवांतर, पण गोव्यात एक फरक आहे. हिंसाचाराचा कायदा तोच, पण आमच्या नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, अर्धी-अर्धी. त्यामुळे "घर कुणाचं, निघ इथून" हे इथे तितकं सोपं नाही. तरी म्हणतातच.

निमित्त:
"घर कुणाचं" वरून आठवलं. आमच्या शेजारी सासूबाईंच्या नावावर फ्लॅट आहे आणि सुनेला रोज तेच ऐकवतात. सुनेला तिथे राहायचा हक्क आहे का?

पायरी:
आहे. २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचंच असलं पाहिजे असं नाही. सासू-सासऱ्यांच्या नावचं घरसुद्धा चालतं, जर ती तिथे खरोखर संसार करून राहिली असेल तर. त्याआधीचा २००६ चा उलटा निकाल तेव्हाच मोडीत निघाला. हा मालकी हक्क नव्हे, राहण्याचा हक्क. आणि कोर्ट घराऐवजी दुसरीकडे भाड्याची सोय करायलाही सांगू शकतं. सासूबाई खरोखर म्हाताऱ्या आणि सून खरोखर छळणारी, असंही असतं. ते मी इथे काढलं तर धागा दिवाळीपर्यंत चालेल.

आजोबा_कर्वेनगर:
काढाच. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तीन जणांनी केलाय.

पायरी:
आजोबा, वेगळा धागा काढा, मी येतो. एवढंच सांगतो की सुनेला हुसकायला तो कायदा परस्पर वापरता येत नाही, हेही २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

अनामिक_०४:
मला विचारायचंय. माझं लग्न झालेलं नाही. ऑफिसमधला एक जण, आता त्याने नोकरी सोडली, पण घरापर्यंत मागे येतो, बहिणीच्या इन्स्टावर मेसेज करतो. मलाही असा आदेश मिळेल का?

रानजाई:
नाही ग, हा कायदा घरातल्या नात्यासाठी आहे: नवरा, बाप, भाऊ, किंवा लग्नासारखं एकत्र राहणं. तुझं प्रकरण पाठलागाचं. भारतीय न्याय संहिता, कलम ७८. सरळ एफआयआर. पहिल्या वेळी जामीनपात्र असतो, दुसऱ्यांदा नाही, म्हणून पहिली तक्रार कागदावर आणणं महत्त्वाचं. "समज देतो त्याला" म्हणाले तरी एफआयआरच माग. आणि एकटी जाऊ नकोस. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, तुझ्या शहरातल्या एकीशी गाठ घालून देते.

अनामिक_०४:
केला.

बिल्वा:
पुराव्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी महिला कक्षात समुपदेशक होते.

स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात छापील चॅट दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं (जुनं ६५ब), वकिलाला आठवण करा. नव्या नंबरवरून मेसेज आला की नंबर, तारीख, वेळ वहीत. वहीच बरी. फोन त्याच्या हातात पडू शकतो.

शाळेसमोर उभा राहतो तर रोज फोटो काढत बसू नका, त्याने तो चिडतो. शिपाई, रिक्षावाले, समोरचा वडापाववाला, यांनी पाहिलेलं असतं. त्यांची नावं लिहून ठेवा. शाळेचा कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, मुख्याध्यापिकेला लेखी पत्र देऊन जपून ठेवायला सांगा.

आणि गूगल खातं. अगदी साधी गोष्ट, पण बऱ्याच जणींच्या फोनमध्ये खातं नवऱ्यानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे, लोकेशन चालू. ती कुठे आहे हे त्याला कसं कळतं, याचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं.

या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटना अहवाल बनवून देतात, तोही घ्यावा. पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही, २०२२ मध्ये तसा निकाल आहे. आमच्याकडे तेव्हा एकाच अधिकाऱ्याकडे दोन तालुके होते. बायका तीन-तीन आठवडे अहवालासाठी थांबायच्या, कारण बाबू सांगायचा त्याशिवाय होत नाही.

चिंचगूळ:
गूगल खातं! बिल्वाताई, आत्ता फोन केला तिला. त्यानेच उघडलेलं आहे. लोकेशन चालू होतं. मी काय बोलू.

शेवंती_७९:
बदललं ना? मग पुढे चल.

लक्ष्मणरेषा:
एक विचारू का सगळ्यांना? आधी भरोसा सेल (पोलिसांचा महिलांसाठीचा कक्ष) किंवा विशेष कक्षात समुपदेशन करून बघायला काय हरकत आहे? मुलगी चार वर्षांची आहे. कोर्टाची पायरी एकदा चढली की नातं संपतं.

बिल्वा:
मी स्वतः समुपदेशन केलंय, म्हणून मला त्याचा आदर आहे आणि शंकाही. जिथे भांडण आहे तिथे समुपदेशन. जिथे मार आहे तिथे आधी संरक्षण, मग बोलणं. आमच्याकडे दोघांना समोरासमोर बसवायचे. बाई समोर मान खाली घालून "हो, माझंही चुकलं" म्हणायची आणि आम्ही वहीत "समेट" लिहायचो. त्यातल्या काही परत यायच्या. ज्या परत आल्या नाहीत त्यांचं काय झालं, ते आम्ही विचारलं नाही. हिच्या दोन बैठका आधीच झाल्यात. तिसरी कशाला?

चिंचगूळ:
चहाचं मी उगाच लिहिलं नव्हतं.

दगडूशेट:
आता मी शहाण्यासारखं एक लिहितो. माझ्या बहिणीच्या वेळी आदेश झाला आणि घरी पेढे वाटले. आठ दिवसांनी दाजी दारात. पोलिसांना फोन केला तर म्हणे आमच्याकडे अशी काही ऑर्डर आलेली नाही. कोर्टातून निघाली होती, ठाण्यात पोचली नव्हती, किंवा पोचली आणि कुठल्या तरी फायलीत गेली. तोवर दाजी चहा पिऊन, गोंधळ घालून घरी.

पायरी:
हे सगळ्यांनी वाचा. कलम २४ खाली आदेशाची प्रत अर्जदाराला मोफत मिळते आणि ठाण्यालाही जाते. पण विसंबू नका. सही-शिक्क्याची प्रत घ्या, स्वतः ठाण्यात न्या, आपल्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. आदेशातच "ठाणे अंमलदारांनी अंमलबजावणीस सहाय्य करावे" असं वाक्य मागून घ्या, कलम १९ मध्ये तशी सोय आहे. एक प्रत शाळेत, एक घरी, एक पर्समध्ये.

निमित्त:
मुख्याध्यापिका "घरचं शाळेत आणू नका" म्हणाल्या, त्यांना ती प्रत फ्रेम करून द्या.

रानजाई:
निमित्त, नको. त्या बाईलाही भीती वाटत असेल, संस्थाचालक विचारतील म्हणून. आदेशाची प्रत आली की त्यांनाही बोलायला कागद मिळतो. मी शिक्षिका आहे. आमच्याकडे असं झालं तेव्हा आम्ही सगळ्या जणी दोन आठवडे तिच्यासोबत गेटपर्यंत चालत गेलो. कुणी ठरवून सांगितलं नव्हतं.

सरळ_बोलतो:
पुरुषाला त्रास असेल तर त्याने कुठे जायचं, हे कुणी सांगणार आहे का? टोमणा नाही, खरंच विचारतोय. चुलतभावाचा मेहुणा घरी येऊन धमक्या देतो.

पायरी:
या कायद्यात अर्जदार बाईच असते, खरं आहे. पण धमकीचा गुन्हा सगळ्यांना लागू आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१. शांतता भंगाची भीती असेल तर पोलीस चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) करतात आणि कार्यकारी दंडाधिकारी मेहुण्याकडून बंधपत्र घेऊ शकतात. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूमही मागता येतो. भावाला पाठवा, सांगतो.

सरळ_बोलतो:
धन्यवाद.

आजोबा_कर्वेनगर:
नवीन धागा काढला आहे. कोणी येत नाही.

चिंचगूळ:
साडेतीन महिन्यांनी वर आणतेय. बऱ्याच जणांनी व्यनितून विचारलं होतं.

विधी सेवेतून वकील मिळाल्या. मामा पहिल्या दिवशी सोबत आला होता, त्याला पसंत पडल्या, कारण त्यांनी त्याला बाहेर बसवलं. पायरींनी लिहिलेलं मी छापून नेलं होतं. वकीलबाईंनी वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "गेटचा नकाशा काढून आणा." मी काढला. चित्रकला काढायची वेळ इतक्या वर्षांनी आली.

एकतर्फी आदेश मिळाला नाही, नोटीस काढली. पहिली बजावणी झाली नाही, दुसरी झाली. त्याने वकील लावला, 'से'मध्ये लिहिलं की मी मुलीला बघायला उभा राहतो, बापाचा हक्क आहे. न्यायाधीशांनी विचारलं, मुलगी या शाळेत आहे का? नाही. ती अंगणवाडीत आहे, दुसऱ्या गल्लीत. तिथे तो एकदाही गेला नाही.

अंतरिम आदेश आला. शाळेच्या दोन्ही गेटपासून आणि मामाच्या घरापासून शंभर मीटरच्या आत थांबायचं नाही, कुठल्याही नंबरवरून संपर्क नाही. मुलीला भेटायचं तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोर्टाच्या आवारात. मुलीसाठी दरमहा सहा हजार. बहिणीसाठीचं अंतिम सुनावणीला. त्याने सत्र न्यायालयात अपील केलंय, पण स्थगिती मिळालेली नाही.

पहिल्या शनिवारी तो आला नाही. मुलगी तयार होऊन बसली होती, ते मात्र बघवलं नाही.

शेवंती_७९:
त्याचा कागद करून ठेव. आला नाही त्याचाही अर्ज द्या, रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजात) नोंद राहते. मुलीला पुढच्या वेळी आधी सांगू नका.

बिल्वा:
शेवंतीला अनुमोदन. आणि बहीण कशी आहे?

चिंचगूळ:
झोपते आता. आधी रात्री दोनला उठून कडी बघायची.

मागच्या बुधवारी तो आला होता, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापाशी. शिपाईमामांनी पावलं मोजली, एकशे चाळीस भरली. म्हणजे आदेश मोडला नाही! बहिणीने त्याच्याकडे बघितलं आणि स्कूटी काढून निघून आली. वकीलबाई म्हणाल्या, तारीख-वेळ वहीत लिहा.

दगडूशेट:
शंभर मीटर पाठ करून आलाय म्हणजे ऑर्डर नीट वाचली त्याने. ठाण्याची पोच घेतलीत का?

चिंचगूळ:
घेतली. शिक्का पुसट उमटला होता. घरी आल्यावर लक्षात आलं, मग दुसऱ्या दिवशी परत जाऊन पुन्हा मारून आणला.